पान ‘गोल’ म्हणजे नक्की कसं?

मुलांनो, दसऱ्याला तुम्ही ‘सोनं’ लुटता. बाजारात जुड्या येतात, आई-बाबा एक जुडी घेऊन येतात आणि संध्याकाळी ती घरोघर वाटली जाते. येत्या दसऱ्याला एक काम करा. जुडीतलं एक पान बाजूला काढा, दप्तरातली फूटपट्टी घ्या आणि पान मोजा. आधी लांबी, मग रुंदी.

आपट्याचं पान लहान असतं. लांबी फार तर चार-पाच सेंटिमीटर, आणि रुंदी लांबीपेक्षा थोडी जास्तच. हाताला ते जाडसर, खरखरीत लागतं. तुमचं पान तळहाताएवढं मोठं भरलं, तर ते आपट्याचं नाही, कांचनाचं आहे. पुष्कळ ठिकाणी जुड्यांमधून आपट्याच्या नावाने कांचनाची पानंच विकली जातात. ‘मधे खाच असलेलं, दोन भागांचं पान’ एवढंच आपल्या डोक्यात असतं आणि ते वर्णन दोन्ही झाडांना लागू पडतं. एका दिवसाच्या सोन्यासाठी दोन्ही झाडांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, हे मला तरी बघवत नाही. पण आज मला सांगायचंय ते वेगळंच. ‘दोन भागांचं’ हे वर्णन अपुरं पडलं आणि ‘लांबीपेक्षा रुंद’ हे दोनच शब्द जोडल्याबरोबर झाड ओळखता आलं. आकार सांगणाऱ्या शब्दांची ही ताकद आहे.

आपटा आणि कांचन एकाच प्रजातीतले म्हणून ओळखले जातात. तिचं शास्त्रीय नाव बाउहिनिया. हे नाव कुणावरून पडलं, माहीत आहे? योहान आणि गास्पार बाउहिन हे दोघे सख्खे भाऊ. दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे. एकाच देठावर जोडीने उभे असलेले पानाचे दोन भाग म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ! स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने या नावामागचा अर्थ असा सांगितला आहे. शास्त्रज्ञ मंडळी रुक्ष असतात असं कोण म्हणतं?

आकारावरून नाव ठेवायला आपल्याकडची माणसंही काही कमी नव्हती, बरं का! गाईच्या कानासारखं फूल, तो गोकर्ण. दोरीसारखी पीळ घातलेली शेंग, ती मुरुडशेंग. जिचं फळ वाघाच्या नखासारखं दोन बाजूंनी वाकलेलं आणि टोकदार, ती वाघनखी. उंदराच्या कानाएवढ्या पानांची, जमिनीवर पसरणारी उंदीरकानी. नागाच्या फड्यासारखा चपटा, तो फड्या निवडुंग. (त्या फड्याला ‘पान’ म्हणू नका हं, ते निवडुंगाचं खोड आहे.) ही नावं कुणी पुस्तकात बघून ठेवलेली नाहीत. रानात गुरं चारणाऱ्या, औषधं शोधणाऱ्या, भाजी खुडणाऱ्या माणसांनी ती नीट बघून ठेवली.

आता आपण काय करतो ते बघा. मी वर्गात एखादं पान दाखवते आणि विचारते, “हे कसं आहे?” उत्तर ठरलेलं: “बाई, हिरवं!” पुन्हा विचारलं की “गोल” किंवा “लांब”. पिंपळाचं पान गोल, जास्वंदीचं गोल, वडाचंही गोल! मग ती तीन पानं एकमेकांपासून ओळखायची कशी?

यासाठी वनस्पतिशास्त्राने शब्दांची एक पेटीच तयार केली आहे. वर ज्याचं नाव आलं त्या लिनियसने १७५१ साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात पानांच्या आकारांची चित्रं देऊन प्रत्येक आकाराला लॅटिन नाव दिलं. म्हणजे एकाने स्वीडनमध्ये लिहिलेलं वर्णन वाचून दुसऱ्याने हजारो मैलांवर ते झाड ओळखावं! आपल्या मराठीतही असे शब्द आहेत. विश्वकोशात किंवा परिभाषा कोशात ते सापडतील. पहिल्यांदा वाचताना जड वाटतात, पण एकदा पान हातात घेऊन वाचले की सोपे होतात.

अंडाकृती हा शब्द घ्या. अंड्याची एक बाजू फुगीर असते आणि एक निमुळती. पानाची फुगीर बाजू देठाकडे असेल तर ते अंडाकृती, जसं जास्वंदीचं. आणि फुगीर बाजू टोकाकडे असेल तर? ते झालं व्यस्त अंडाकृती, म्हणजे उलटं अंडं. देशी बदामाचं मोठं पान बघा, देठाकडे निमुळतं आणि पुढे रुंद होत गेलेलं. गणितात तुम्ही ‘व्यस्त प्रमाण’ शिकता, तोच हा ‘व्यस्त’.

हृदयाकृती म्हणजे पत्त्यांतल्या बदामासारखं. खाच देठाकडे आणि टोक पुढे. पिंपळाचं पान हृदयाकृती असतंच, शिवाय त्याचं टोक शेपटीसारखं लांब निघालेलं असतं. पावसाचं पाणी त्या शेपटीवरून चटकन निथळून जातं. वडाच्या पानाला अशी शेपटी नसते. झालं ना वड आणि पिंपळाचं भांडण मिटलं! कुंडीत उगवणारी आंबोशी तुम्ही नक्की पाहिली असेल, ती आंबट पानांची. तिच्या तीन छोट्या दलांमध्ये खाच टोकाकडे असते, म्हणून ती व्यस्त हृदयाकृती. गंमत म्हणजे पत्त्यांतल्या ‘बदामा’चा आणि देशी बदामाच्या पानाचा आकाराने काहीएक संबंध नाही.

भालाकृती म्हणजे भाल्याच्या पात्यासारखं, आंब्याचं असतं तसं. रेषाकृती म्हणजे गवताच्या पात्यासारखं अरुंद आणि दोन्ही कडा जवळजवळ समांतर. हस्ताकृती म्हणजे बोटं पसरलेल्या पंजासारखं, एरंडाचं किंवा पपईचं. वृक्काकृती हा शब्द थोडा अवघड. वृक्क म्हणजे मूत्रपिंड. राजम्याचा दाणा किंवा काजूगर डोळ्यांसमोर आणा, तोच आकार. हा शब्द मात्र लक्षात ठेवा, पुढे त्याचं फार मोठं काम आहे.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. कुठेही जा, परिस्थिती सारखीच, असा तिचा अर्थ. पण वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारा, ते म्हणतील, “तीन नव्हे, एकच!” कसं ते सांगते. झाडाच्या फांदीला जिथे पान जोडलेलं असतं, तिथल्या बेचक्यात एक बारीकसा कोंब असतो. कोंब सापडला की समजायचं, इथे एक अख्खं पान सुरू झालं. पळसाच्या तीन ‘पानां’पैकी एकाच्याही बुडाशी असा कोंब नसतो. ती तिन्ही मिळून ज्या लांब देठावर बसलेली असतात, त्या देठाच्या बुडाशी तो असतो. म्हणजे तीन दलं मिळून पळसाचं एक पान! अशा पानाला संयुक्त पान म्हणतात. निर्गुडीला तीन किंवा पाच दलं पंजासारखी एका ठिकाणाहून निघतात. कडुनिंबाची आणि चिंचेची दलं मात्र पिसाच्या केसांसारखी मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना असतात. गुलमोहराचं पान तर दोनदा विभागलेलं, एका पानात शेकडो दलं. पानगळीत अंगणात जो चुरा पडतो, तो पानांचा नव्हे, दलांचा.

म्हण चुकीची आहे, असं मात्र म्हणू नका. म्हण ही म्हणच असते, तिला परीक्षेला बसवू नये.

आता थोडं हातांनी बघू. तुळशीची कोवळी डहाळी अंगठा आणि बोट यांच्यात धरून हळूच फिरवा. ती गरगर फिरत नाही, अडखळते, कारण ती चौकोनी आहे! पुदिन्याचंही तसंच, दोघी एकाच कुळातल्या. शेताच्या बांधावरचा लव्हाळा उपटा आणि त्याचा दांडा फिरवा, तो त्रिकोणी. ‘गवतच तर आहे’ असं आपण म्हणतो, पण तो गवताच्या कुळातला नाही, आणि हे सांगायला त्याचे तीन कोनच पुरेसे आहेत. मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखण्याची सोय आता आहे आणि ती चांगलीच आहे. पण डहाळी चौकोनी की गोल, पान गुळगुळीत की खरखरीत, हे बोटांना जितकं पटकन कळतं, तितकं फोटोतून कळत नाही.

इथवर आपण गंमत म्हणून पाहिलं. आता जरा गंभीर गोष्ट. आई-बाबांनो, हे तुम्हीही वाचा.

कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. ‘कॉर्डिफोलिया’ म्हणजे हृदयासारख्या पानाची. पण हृदयाकृती पानं असलेल्या वेली काय थोड्या आहेत? गुळवेलीचीच एक जवळची बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिचीही पानं हृदयाकृती. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने पत्रक काढून लोकांना सांगितलं, की गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या या दुसऱ्या वेलीने अपाय होऊ शकतो, दोघींमध्ये गल्लत करू नका. मग दोघी ओळखायच्या कशा? पुन्हा आकारच कामाला आले. गुळवेलीचं खोड हिरवट आणि त्यावर बारीक फुगीर गाठी नसतात, दुसरीच्या करड्या खोडावर त्या असतात. गुळवेलीची फळं गोल आणि लाल, दुसरीची लंबगोल आणि नारिंगी. ‘फळ गोल की लंबगोल’ हा प्रश्न इथे परीक्षेच्या गुणांपुरता राहिला नाही. (आणि ओळख पटली तरी काढा स्वतःच्या मनाने घ्यायचा नाही, डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारूनच.)

दुसरी गोष्ट धोतऱ्याची. श्रावणात आणि महाशिवरात्रीला महादेवाला धोतऱ्याचं फूल, फळ वाहतात, म्हणून ते पुष्कळांच्या घरात येतं. धोतरा विषारी आहे. बिया पोटात गेल्या तर तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस असंबद्ध बडबडू लागतो आणि जीवही जाऊ शकतो. पूर्वी प्रवाशांच्या जेवणात धोतरा मिसळून त्यांना लुटणारे चोर असत. घात असा, की धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं. धोतरा, मिरची, वांगी, टोमॅटो सगळी एकाच कुळातली ना!

म्हणून विषबाधेच्या तपासाच्या वैद्यकीय पुस्तकांत या दोन बियांचा फरक मुद्दाम शिकवलेला असतो. धोतऱ्याचं बी वृक्काकृती, तपकिरी, जाड आणि पृष्ठभागावर बारीक खळगे असलेलं. मिरचीचं बी गोलसर, चपटं, फिकट पिवळं आणि गुळगुळीत. वृक्काकृती हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी. अन्नात सापडलेलं एक बी भिंगाखाली धरून तपासणारा माणूस अशा शब्दांच्या आधाराने सांगतो, की हा घातपात आहे की नुसतीच मिरची.

तुम्ही मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही. धोतऱ्याचं फळ फोडायचं नाही, पूजेसाठी हात लावला तर हात साबणाने धुवायचे आणि पूजा झाल्यावर ते फळ लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचं नाही. हीच गोष्ट कुंपणाच्या मोगली एरंडाची. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात भरती होतात. एरंडाचं पान खोलवर चिरलेलं आणि कडा दातेरी, मोगली एरंडाचं उथळ कोनांचं आणि कडा बिनदातेरी, असा फरक तुम्हाला आता सांगता येईल. पण खाण्याच्या बाबतीत फरक काहीच नाही, दोघांच्याही बिया विषारीच.

प्राण्यांमध्येही हेच चालतं, थोडक्यात सांगते. भिरभिरणारा तो कीटक फुलपाखरू की पतंग? त्याच्या मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गदेसारखी गाठ असते. पतंगाच्या बहुधा धाग्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. आकाशात घिरट्या घालणारी घार तिच्या शेपटीवरून ओळखा, शेपटीच्या टोकाला मधे खाच असते. कोतवालाची शेपटी तर कात्रीसारखी दुभंगलेली. आणि मण्यार? अत्यंत विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या हे दोन्ही साप काळपट आणि आडव्या पट्ट्यांचे. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग जाते, कवड्याला ती नसते. पण हे ज्ञान पुस्तकात वाचण्यासाठी आणि जाणकार सर्पमित्रांसाठी. साप दिसला की आपण लांब राहायचं आणि मोठ्या माणसांना हाक मारायची. चावलाच, तर खवले मोजत न बसता तडक सरकारी दवाखाना.

एक सावधगिरी राहिली. एकच पान बघून निकाल देऊ नका. तुतीच्या एकाच झाडावर साधी आणि खोल कापलेली अशी दोन्ही तऱ्हेची पानं सापडतात. फणसाच्या लहान रोपाची पानं बोटांसारखी कापलेली असू शकतात, झाड मोठं झालं की पानं अखंड होतात. म्हणून चार-पाच पानं बघायची, फांदीवर ती समोरासमोर आहेत की एकाआड एक, तेही बघायचं, आणि जमेल तेव्हा फूल-फळाची वाट बघायची.

आमच्या वर्गात एक खेळ फार रंगतो. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात पान, दुसऱ्याच्या हातात पाटी. पानवाल्याने झाडाचं नाव न सांगता नुसतं वर्णन करायचं आणि पाटीवाल्याने ऐकून चित्र काढायचं. मग दोघांनी वळून बघायचं! पहिल्या दिवशी चित्रं अशी निघतात की हसून पुरेवाट होते. “बाई, हा ‘गोल’ म्हणाला, मी चपाती काढली!” असं एकीने सांगितलं. आठवड्याभराने तीच मुलं “अंडाकृती, टोक निमुळतं, कडा करवतीसारखी” असं सांगू लागतात आणि पाटीवर खरोखर जास्वंदीचं पान उमटतं. घरी आई-बाबांना किंवा आजीला समोर बसवून हा खेळ खेळून बघा. आजीला शास्त्रातले शब्द येत नसतील, पण ती ‘कुंकवाच्या बोटासारखं’, ‘सुपासारखं’, ‘वातीसारखं’ असं काही सांगेल. तेही वहीत लिहून ठेवा.

आता ओळखा पाहू! उत्तरं शेवटी आहेत, आधी बघायची नाहीत.

१) पान साधं, मोठं, हृदयाकृती. पण देठ खाचेत जोडलेला नाही, पानाच्या पाठीवर जरा आत जोडलेला आहे, ढालीच्या मुठीसारखा. पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरात याला मान.

२) पान संयुक्त, दलं तीन, मधल्या दलाचा देठ इतर दोघांपेक्षा लांब. फांदीवर सरळ काटे. फळ गोल, कवच लाकडासारखं कठीण. देवळात रोज दिसतं.

३) पान संयुक्त, पंजासारखं, पाच ते सात दलांचं. खोडावर बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार असे काटे. पानं झडल्यावर मोठाली लाल, मांसल फुलं. फळातून कापूस निघतो.

४) खोड कोवळं असताना चौकोनी. पानं साधी, समोरासमोर, लंबगोल, कडा किंचित दातेरी. फुलं अगदी लहान, उभ्या तुऱ्यावर गोल ओळीत. आता हे नाही आलं, तर पुन्हा वर जाऊन वाचा!

उत्तरं : १) अळू २) बेल ३) काटेसावर ४) तुळस